पाटीचा नातू, वहीचा पणतू

पुतण्याने मसाले कांडून विकायचा धंदा सुरू केला, तेव्हा पहिले सहा महिने सगळा हिशोब खिशातल्या चिठ्ठ्यांवर चालला. मिरची कुणाकडून आली, हळदीचं पोतं रोखीने आणलं की उधारीवर, कुठल्या दुकानात किती पाकिटं टाकली, सगळं चिठ्ठ्यांवर. पॅन्ट धुवायला गेली की एखादा दुकानदार आपोआप कर्जमुक्त व्हायचा. शेवटी त्याचा फोन आला.

"काका, हिशोबाला काय घेऊ? एक्सेल की टॅली?"

माझी उभी हयात करसल्लागाराच्या कचेरीत गेली. संगणक आल्यापासून माझ्या पडद्यावर कायम दोन खिडक्या उघड्या असायच्या, एकीत टॅली आणि दुसरीत एक्सेल. टॅलीतून अहवाल काढायचा, एक्सेलमध्ये ओतायचा, तिथे त्याची कापाकाप करायची, चूक सापडली की परत टॅलीत जाऊन दुरुस्त करायची. वर्षानुवर्षं हेच केलं, पण एका कामाला दोन हत्यारं का लागतात हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पुतण्याला पडला. "दोन्हीत आकडेच भरायचे ना? मग लॅपटॉपवर आहे त्या एक्सेलमध्येच भरतो की."

आकडे दोन्हीत भरायचे, हे खरं. पण ही दोन वेगळ्या घराण्यांतली पोरं आहेत. एक्सेल पाटीच्या कुळातलं, टॅली वहीच्या. पाटी पुसायलाच असते, आणि वहीत पुसलं की मास्तर कान धरतात. शाळेत पहिल्या दिवशी कळलेला हा फरक त्या दोन खिडक्यांतही तसाच टिकून आहे, असं मी त्याला फोनवर म्हणालो. तो म्हणाला, "काका, किंमत सांगा." तेव्हा पुढचं सगळं त्याला सांगायचं राहून गेलं, ते इथे लिहितो.

पाटीचं घराणं जुनं. आपल्याकडे आकडेमोडीलाच पाटीगणित म्हणत. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचं नावही तेच. लाकडाच्या फळीवर धूळ किंवा बारीक वाळू पसरायची आणि बोटाने नाहीतर काडीने तीत आकडे काढायचे. म्हणून या कामाला धूलिकर्म असंही नाव होतं. भागाकार करताना वरचे आकडे पुसायचे, खालचा भाजक एक घर सरकवायचा, उरलेलं पुन्हा लिहायचं. शेवटी पाटीवर फक्त उत्तर राहायचं. भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची. तिच्यात रीती आहेत, उदाहरणं आहेत, आणि सगळं श्लोकांत, म्हणजे पाठ करायच्या सोयीने. ती उदाहरणं सोडवताना पाटीवर काय काय घडत होतं, ते मात्र त्याच क्षणी हाताच्या एका फटकाऱ्याने नाहीसं होत होतं. पाटीला आठवण नसते आणि तिच्याकडून कुणाची तशी अपेक्षाही नव्हती.

ही हिंदी पद्धत अरबी मुलखात गेली, तेव्हा धूळही बरोबर गेली. गुबार म्हणजे धूळ, म्हणून हिसाब-अल-गुबार. (आपला हिशोबही त्याच हिसाबातून आलेला, म्हणजे माल इथला आणि परत येताना नाव तिथलं.) दमास्कसमध्ये इ.स. ९५२-५३च्या सुमारास अल-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने हिंदी हिशोबावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने धूळपाटी सोडून शाई आणि कागदावर आकडेमोड करण्याचा आग्रह धरला आणि आकडे न पुसता, न सरकवता उत्तर काढता येईल अशा रीती बांधून दिल्या. त्याचं एक कारण मोठं गमतीचं आहे. रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे अशा पाट्या घेऊन बसतात. सभ्य माणसाने त्यांच्यासारखं कशाला दिसायचं? मला हा माणूस फार ओळखीचा वाटतो. आमच्या कचेरीतले वरिष्ठ अगदी याच चेहऱ्याने म्हणायचे, "हे एक्सेलवर काय ठेवलंयस? नीट टॅलीत घे."

आता वही. तिच्याविषयी मी जरा जास्त बोलणार, कारण माझे आजोबा एका पेढीवर दिवाणजी होते आणि माझं बालपण त्या लांबड्या, लाल कापडी बांधणीच्या वह्यांच्या वासात गेलं. वहीची स्वतःची भाषा असते. कच्च्या खर्ड्यात दिवसभराचं जसं घडेल तसं टिपायचं. संध्याकाळी त्यावरून रोजकीर्द लिहायची, म्हणजे तारीखवार. रोजकीर्दीतली एकेक रक्कम उचलून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायची. महिनाअखेर तेरीज मांडायची, वर्षअखेर ताळेबंद. या शब्दांतले बरेचसे फारसी-अरबीतून आले, कारण राज्यकारभाराचा हिशोब त्या भाषांतून चालत होता. फडणीस म्हणजे फर्दनवीस, फर्दा लिहिणारा. नाना फडणवीस राजकारणातला शहाणा म्हणून आपल्याला माहीत आहे, पण ते आडनाव मुळात हिशोबाच्या फडावरचं आहे. पुण्यात पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत, त्यांत रोजकीर्दी आहेत. कुठल्या दिवशी कुणाला काय पोचलं, हे त्यावरून आजही कळतं. त्याच मुलखातली त्याआधीची लाखो गणितं पाटीवर झाली आणि तिथेच पुसली गेली. उरतं ते वहीचं.

वहीचे नियम आजोबांनी मला पाठ करून घेतले होते. पान फाडायचं नाही. मधे कोरी ओळ सोडायची नाही, कारण तिथे उद्या कुणी काहीही लिहू शकतो. आकडा चुकला तर खरवडायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बरोबर आकडा शेजारी लिहायचा. खाडाखोड दिसली की ती वही संशयित. आजोबांच्या मते चूक झाकणं हा चुकीपेक्षा मोठा गुन्हा होता.

इटलीतही चाल जवळपास हीच होती. व्हेनिसमध्ये १४९४ साली छापलेल्या एका जाडजूड गणितग्रंथात लुका पाचिओली या ख्रिस्ती संन्याशाने तिथल्या व्यापाऱ्यांची हिशोबपद्धत लिहून काढली. तिच्यात तीन पुस्तकं आहेत: टिपणाचं, तारीखवार नोंदींचं आणि खात्यांचं. म्हणजे खर्डा, रोजकीर्द, खतावणी. वहीच्या आरंभी देवाचं नाव घालायचं, हेही आहे. आपल्याकडे 'श्री', तिकडे क्रूस. आपली पद्धत पाचिओलीच्या आधीची असा दावा मधल्या काळात अभ्यासकांनी केला आणि दुसऱ्यांनी तो खोडूनही काढला. त्या भांडणात मला पडायचं नाही. दोन्हीकडचे व्यापारी एकमेकांवर सारखाच अविश्वास दाखवत होते, त्यामुळे उपायही सारखेच निघाले असावेत.

पाटी आणि वही एका टेबलावर बसलेली बघायची तर बाराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात जावं लागेल. तिथे साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल होतं आणि त्यावर चौकटी आखलेलं कापड. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं, म्हणून त्या खात्याचं नावच एक्सचेकर पडलं. परगण्यांचे अंमलदार वसुलीचा हिशोब द्यायला आले की या चौकटींत सोंगट्या मांडल्या जायच्या. एका रांगेत पौंड, दुसरीत शिलिंग, तिसरीत पेन्स. देणं एका बाजूला, भरलेलं दुसऱ्या बाजूला, आणि सोंगट्या उचलत-ठेवत वजाबाकी. आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटी आणि त्यांत हलवता येणारे आकडे: एक्सेलचा पडदा डोळ्यांपुढे आणून बघा.

हिशोब संपला की सोंगट्या पिशवीत जायच्या. मग पावती कशाची? तर लाकडाच्या काठीची. काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या, हजाराची खाच रुंद, शंभराची त्याहून अरुंद, आणि मग काठी उभी चिरून दोन तुकडे करायचे. एक खजिन्याकडे, एक भरणाऱ्याकडे. एकाने आपल्या तुकड्यावर चोरून खाच वाढवली तरी दुसऱ्याच्या तुकड्याशी ती जुळायची नाही. या काठीला म्हणायचे टॅली.

ही काठी पुढे जवळपास सातशे वर्षं टिकली. ती वापरातून गेली १८२६ साली. मग साठलेल्या काठ्यांचं करायचं काय? ऑक्टोबर १८३४मध्ये कुणीतरी ठरवलं की त्या पार्लमेंटच्या भट्टीत जाळाव्यात. भट्टी इतकी तापली की संध्याकाळी आग वर पसरली आणि पार्लमेंटची दोन्ही सभागृहं जळून गेली. जुना हिशोब नष्ट करण्याच्या नादात अख्खी इमारत गेल्याचं इतकं चोख उदाहरण दुसरं नाही, आणि मी काही इमारतींचे हिशोब पाहिले आहेत.

पुढची उडी थेट १९७८वर. मधे शाईचे तक्ते आले, बेरजेची यंत्रं आली, पंचकार्डं आली. त्यांनी वेग वाढवला, पण पाटी पाटीच राहिली आणि वही वहीच. त्या वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. फळ्यावर प्राध्यापक एका कंपनीच्या हिशोबाचा तक्ता मांडत होते. एक आकडा चुकला. तो पुसला, मग त्यावर अवलंबून असलेला पुढचा पुसला, मग त्याच्या पुढचा, आणि सगळी ओळ नव्याने लिहिली. ब्रिकलिनच्या मनात आलं, एक आकडा पुसला की बाकीचे स्वतःहून बदलतील असा फळा का नसावा? फळा म्हणजे तरी काय, भिंतीला टांगलेली पाटीच. ब्रिकलिन आधी संगणक कंपनीत नोकरी करून आला होता, त्यामुळे हा विचार दिवास्वप्नापाशी थांबला नाही. त्याच्या मित्राने, बॉब फ्रँकस्टनने, रात्री जागून प्रोग्रॅम लिहिला. रात्री, कारण मोठ्या संगणकावरचा वेळ भाड्याने घ्यावा लागे आणि रात्रीचा दर स्वस्त होता. १९७९च्या शरदात तो अ‍ॅपल २ या संगणकासाठी बाजारात आला. नाव व्हिजिकॅल्क. ६३ रकाने, २५४ ओळी.

लोक तो चालवता यावा म्हणून संगणक विकत घेऊ लागले. हे आज विचित्र वाटतं, पण तोवर छोट्या संगणकाचं करायचं काय हे दुकानदाराला सांगताच येत नव्हतं. ब्रिकलिनने एक आठवण सांगितली आहे. हा तक्ता पहिल्यांदा पाहिलेला एक हिशोबनीस थरथरायला लागला. आपण आठवडाभर जे करतो ते हे यंत्र काही क्षणांत करतंय, हे त्याच्या लक्षात आलं होतं. ही आठवण मला खोटी वाटत नाही. आमच्या कचेरीत पहिल्यांदा घसाऱ्याचा तक्ता एक्सेलमध्ये मांडला आणि दर बदलताच खालचे सगळे आकडे सरसर बदलले, तेव्हा आमचे ज्येष्ठ कारकून चष्मा काढून, पुसून, परत घालून बघत होते.

ब्रिकलिनने पेटंट घेतलं नाही. त्या काळी प्रोग्रॅमला पेटंट मिळणं कठीणच होतं. त्यामुळे घराणं भराभर वाढलं. जानेवारी १९८३मध्ये आयबीएमच्या संगणकासाठी लोटस १-२-३ आलं. ते काढणारा मिच केपर आधी भावातीत ध्यान शिकवायचा. लोटस हे नाव पद्मासनावरून, म्हणजे व्यापारी आकडेमोडीच्या सर्वांत खपाऊ हत्याराचं बारसं ध्यानाच्या बैठकीवरून झालं. पहिल्याच वर्षी कंपनीची विक्री ५ कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि दोन वर्षांत तिने ब्रिकलिनची कंपनीही विकत घेतली. मग मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आलं, १९८५ साली आधी मॅकिंटॉशवर, १९८७ साली विंडोजवर. लोटसला विंडोजवर यायला १९९१ उजाडलं, आणि तेवढ्या उशिरात बाजार हातचा गेला.

घराणं ओळखायचं तर नाकाच्या ठेवणीवरून ओळखावं. व्हिजिकॅल्कमध्ये आज्ञा द्यायची तर आधी तिरकी रेघ दाबायची. लोटसनेही तीच ठेवली, कारण लोकांची बोटं तिला सरावली होती. आज एक्सेल उघडून एखाद्या रिकाम्या चौकटीवर असताना तीच तिरकी रेघ दाबून बघा. वरच्या पट्टीवर अक्षरं उमटतात. चाळीस वर्षांपूर्वी मोडलेल्या दुकानाची घंटा अजून वाजते.

दुसरी खूण दोषाची आहे. लोटसने १९०० हे वर्ष लीप धरलं होतं. ते लीप नव्हतं. शतकाचं वर्ष ४००ने भागलं गेलं तरच लीप असतं. एक्सेल आलं तेव्हा लोटसच्या फायली त्यात जशाच्या तशा उघडणं गरजेचं होतं, म्हणून तीच चूक जाणूनबुजून घेतली. एका चौकटीत ६० लिहून तिला तारखेचं रूप द्या; एक्सेल तुम्हाला २९ फेब्रुवारी १९०० ही जगात कधी न उजाडलेली तारीख दाखवेल. घराण्यातल्या अशा खोडी कुणी दुरुस्त करत नाही, कारण त्यावर आता बरंच काही उभं असतं.

वहीच्या घराण्यातला वारस आपल्याकडे जन्मला, बंगळूरला. श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व सुटे भाग पुरवायचे. आपल्या धंद्याचे हिशोब नीट ठेवील असा प्रोग्रॅम त्यांना बाजारात मिळेना. त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, तो लिहायला सांगितलं. १९८६ साली बापलेकांनी प्यूट्रॉनिक्स ही कंपनी काढली. प्रोग्रॅमचं नाव पुढे टॅली झालं आणि १९९९मध्ये कंपनीनेही तेच घेतलं. भरत गोएंकांना २०२०मध्ये पद्मश्री मिळाली. नाव ठेवताना त्या खाचा पाडलेल्या काठ्या कुणाच्या डोळ्यांपुढे नसतील, इंग्रजीत आकडे जुळण्याला टॅली म्हणतात एवढंच असेल. पण तो शब्द त्या काठीपासूनच आलेला आहे.

तोवरचे हिशोबाचे प्रोग्रॅम संगणकवाल्याच्या डोक्याने चालायचे. आधी प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्या, मग तो लक्षात ठेवा. टॅलीत खात्याचं नाव लिहायचं, बस. व्हाउचरसाठी एफ ४पासून एफ ९पर्यंतच्या कळा: एफ ५ दाबली की देणं, एफ ६ म्हणजे येणं, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी. उंदराला हात न लावता सराईत पोरगी मिनिटाला चार-पाच नोंदी टाकते. आणि आत गेलात की ओळखीची माणसं भेटतात. डे बुक म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. आजोबांना कुणी पडदा वाचून दाखवला असता, तर त्यांना तासाभरात टॅली आली असती. एक्सेल त्यांना मुळीच कळलं नसतं. आकडा स्वतःहून बदलतो हे ऐकूनच ते उठून गेले असते.

मुख्य गोष्ट म्हणजे टॅली अडवते. नावे आणि जमा जुळले नाहीत तर ती व्हाउचर पुढे जाऊ देत नाही. एक्सेल कधीच अडवत नाही. तिथे विक्रीच्या रकान्यात मामाचा फोन नंबर लिहिला तरी बेरजेत तो इमानाने धरला जातो. म्हणून महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत दोन वेगळे क्लास उभे राहिले. एमएस-सीआयटीत एक्सेल शिकायचं, कारण सरकारी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागतं. आणि टॅलीचा क्लास लावायचा, कारण बाजारपेठेतल्या होलसेलवाल्याला प्रमाणपत्राशी देणंघेणं नसतं. तो एवढंच विचारतो, "टॅली येते का?" जुलै २०१७मध्ये जीएसटी आला, तेव्हापासून हा प्रश्न विचारणारे आणखी वाढले.

खरा गोंधळ होतो तो पाटीला वही समजलं की. ऑक्टोबर २०२०मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या लक्षात आलं की करोनाचे जवळजवळ १६ हजार बाधित यादीत आलेच नव्हते. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ ओळी मावतात. त्याच्या पुढच्या ओळी गळून गेल्या. नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात, पण प्रश्न ओळींचा नव्हता. पाटी भरली की मूल काठाच्या बाहेर लिहीत नाही, लिहिणंच थांबवतं.

कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१०मध्ये असं मांडलं की सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढ खुंटते. सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी तो निष्कर्ष झेंड्यासारखा मिरवला. २०१३मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ फाइल मागून घेतली आणि बघितलं, तर सरासरी काढायच्या सूत्रात शेवटच्या पाच ओळी धरल्याच नव्हत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क वगळले गेले होते. त्या अभ्यासातल्या इतर त्रुटी याहून मोठ्या होत्या, हेही सांगायला हवं. पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही, कारण ती आपण प्रत्येकाने केलेली असते. आमच्या सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या तक्त्यात गेली तीन वर्षं शेवटची ओळ बेरजेबाहेर होती. ती ओळ पाण्याच्या टँकरची. तो तक्ता करणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. अजून एकाच लिफ्टने जायचं असतं.

(आणि जीवशास्त्रज्ञांचं दुःख तर निराळंच. काही जनुकांची लघुनावं मार्च १, सेप्ट १ अशी वाचली जायची. एक्सेल ती मुकाट्याने तारखा करून टाकायचं. अखेर २०२०मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे माणसाच्या जनुकांनी माघार घेतली.)

उलटा गोंधळ वहीत होतो. दोन नंबरची वही ही काही संगणकाची देणगी नव्हे; आजोबांच्या पेढीच्या शेजारीच एक दुकान होतं, तिथे एक वही गल्ल्यावर असायची आणि एक गादीखाली. पण कागदावर मागच्या तारखेची नोंद घुसवायला जागा लागते, शाईचा रंग जुळावा लागतो. टॅलीत मार्चमध्ये बसून ऑगस्टमधलं रोखीचं व्हाउचर उघडून रक्कम बदलता यायची, नाहीतर ते उडवता यायचं आणि वर एक रेघही उरायची नाही. वहीच्या वेषात ती पाटीच झाली होती. व्यापाऱ्यांना टॅली आवडायला हेही एक कारण होतं, असं आमच्या धंद्यातले लोक मोठ्याने बोलत नाहीत. मी आता निवृत्त आहे, म्हणून लिहितो.

ही पळवाट केंद्र सरकारने कंपन्यांपुरती बुजवली. हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहिली पाहिजे, कधी आणि काय बदललं ते दिसलं पाहिजे, आणि ही नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम २०२१मध्ये आला. तो दोनदा पुढे ढकलून १ एप्रिल २०२३पासून लागू झाला. टॅलीने त्यासाठी एडिट लॉगची वेगळी आवृत्ती काढली. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे: आजोबांचा नियम राजपत्रात आला. पुतण्याची फर्म एकट्याच्या मालकीची असल्याने त्याला हा नियम लागत नाही, हे त्याने मला विचारायच्या आधीच कुठूनतरी शोधून काढलं होतं.

घरगुती हिशोबात दोन्ही घराण्यांची सरमिसळ केव्हाच झाली आहे. पूर्वी दुधाचा हिशोब कालनिर्णयच्या चौकटीत असायचा, ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेवर फुली. भाडेकरूचं वीजबिल, भिशी, सहलीची वर्गणी आता गुगल शीट्सवर असते. ती पाटीच आहे, २००६मध्ये आलेली, पण दहा माणसांनी एकदम लिहायची, आणि मागच्या आवृत्त्या जपणारी. आठवण असलेली पाटी पहिल्यांदाच पाहतोय. वाण्याच्या उधारीच्या डायरीची जागा खाताबुकसारख्या अ‍ॅपने घेतली, तेही बंगळूरचंच. तेवढ्यापुरती ती वही आहे, फक्त उधारीची आठवण ती स्वतःच गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवते. गल्ल्यावरच्या माणसाची भीड त्यामुळे वाचली.

पुतण्याला मी शेवटी असं सांगितलं: व्यवहार झाला की टॅलीत, मिरचीचा भाव पाच रुपयांनी चढला तर पाकिटाची किंमत काय ठेवायची, हे एक्सेलमध्ये. झालेलं एकीकडे, होऊ घातलेलं दुसरीकडे. त्याने मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे निम्मंच ऐकलं. टॅली उतरवून घेतली, पण परवाना विकत न घेता, शिकाऊंसाठीच्या फुकट प्रकारात.

दिवाळीच्या पाडव्याला त्याच्या गाळ्यावर गेलो. चौरंगावर लॅपटॉप, त्यावर झेंडूचं फूल, शेजारी हळदीची पहिली पाकिटं. व्यापाऱ्यांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि सरकारचं १ एप्रिलला, त्यामुळे या पूजेला टॅलीच्या लेखी काही अर्थ नाही. पण त्याला पाडव्याची पहिली विक्री मुहूर्तावर टाकायचीच होती. उदबत्ती लावून तो बसला, एफ ८ दाबली, तारीख घातली. टॅली घेईना. शिकाऊ प्रकारात महिन्याच्या १, २ आणि ३१ या तीनच तारखा चालतात. त्याने पुन्हा घातली, पुन्हा नाही. मुहूर्त निघून चालला होता.

वहिनींनी न बोलता पिशवीतून एक लाल वही काढली. कोपऱ्यावर पूजासाहित्याच्या दुकानाचा शिक्का, आत सगळी कोरी पानं. पहिल्या पानावर कुंकवाच्या बोटाने स्वस्तिक काढलं होतं, वर 'श्री' लिहिलं होतं. त्याने माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि लिहिलं: हळद पावडर, दोनशे ग्रॅम, पाकिटं चोवीस, रोख. 'चोवीस' लिहिताना ऱ्हस्व-दीर्घात घोटाळा झाला. तो खोडायला गेला, तेवढ्यात माझ्याकडे बघून थांबला, आणि त्यावर एकच रेघ मारली.